रोन नदीतली राख



या व्याख्यानाच्या पत्रिकेत विषय छापलाय ‘ख्रिस्ती धर्मातील आत्मा आणि परलोक’. मी मात्र जास्त बोलणार आहे ते देहाबद्दल. ‘आत्मा’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गीतेचा दुसरा अध्याय येतो. जुनं वस्त्र टाकलं, नवं ल्यालं. त्या कानांनी ख्रिस्ती शिकवण ऐकली की घोटाळा होतो. चर्चमध्ये उभं राहून सगळे मिळून जो मतांगीकार म्हणतात, त्यात आत्मा अमर आहे असं कुठंच म्हटलेलं नाही. मेलेल्यांचं पुनरुत्थान होईल, असं म्हटलंय.

हे अगदी सुरुवातीच्या काळीही लोकांना पटत नव्हतं. प्रेषित पौल अथेन्सला गेला, तिथं प्लेटोच्या गावात आत्म्याच्या अमरत्वाची कुणाला नवलाई नव्हती. पण मेलेला माणूस पुन्हा उठतो म्हणताच काही जण हसले.

इसवी सन 177. आजच्या फ्रान्समधलं ल्यों शहर. ख्रिस्ती लोकांना हाल करून मारलं, प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळली आणि राख रोन नदीत लोटून दिली. युसेबियसच्या चर्च-इतिहासात हा वृत्तान्त आहे आणि मारणाऱ्यांचा हेतूही: आता बघू कसे उठतात! मला या क्रौर्यात एक विचित्र प्रामाणिकपणा दिसतो. ख्रिस्ती लोकांचं म्हणणं काय आहे, ते त्यांच्या शत्रूंना नेमकं कळलं होतं.

मग राख वाहून गेली तर आशाही गेली का? मिनुसियस फेलिक्स या लॅटिन लेखकानं दिलेलं उत्तर थोडक्यात असं: देहाची माती होवो, राख होवो की धूर, देवाच्या हिशेबातून काही सुटत नाही. आम्ही पुरतो ते जाळण्याच्या भीतीनं नव्हे, ती जुनी आणि बरी रीत आहे म्हणून. पौलानं त्याआधीच बियाण्याचा दाखला दिला होता. पेरतो ते बी, उगवतं ते रोप. दोन्ही एकच, आणि तरी वेगळी. शेतकऱ्याला याचं भाष्य लागत नाही.

आता अडचण मधल्या काळाची. पुनरुत्थानाचा शेवटचा दिवस अजून यायचाय, माणूस तर आज गेला. मग आज तो कुठं आहे? येशू शेजारच्या क्रुसावरच्या गुन्हेगाराला ‘आजच’ सुखलोकाचं वचन देतो, आणि पौल शेवटच्या कर्ण्याची वाट पाहायला सांगतो. या पेचात खुद्द एक पोप अडकले. बाविसावे जॉन प्रवचनांतून सांगू लागले की संतांनाही देवाचं पूर्ण दर्शन अंतिम न्यायानंतरच होईल. मोठा गदारोळ उठला. 1334 मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागं घेतलं, आणि 1336 मध्ये त्यांच्या नंतरच्या पोपनी निकाल दिला की शुद्ध झालेल्या आत्म्यांना दर्शनासाठी थांबावं लागत नाही. शुद्धी बाकी असलेल्यांसाठी शुद्धिस्थान. ते प्रोटेस्टंटांनी नाकारलं, आणि तो वाद एका संध्याकाळीत मावणारा नाही.

पुन्हा राखेकडे येऊ. रोमनं 1886 मध्ये कॅथलिकांना दहनाची मनाई केली. पुनरुत्थानाची खिल्ली म्हणूनच काही मंडळी मुद्दाम दहन करवून घेत होती, हे त्यामागचं एक कारण. आपले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक 1919 मध्ये मुंबईत वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचं दहन झालं. ते प्रोटेस्टंट, त्यांना रोमची परवानगी नको होती. कॅथलिकांना ती मिळाली 1963 मध्ये. मात्र 2016 मध्ये रोमनं बजावलं की राख वाऱ्यावर किंवा पाण्यात सोडू नका, घरात ठेवू नका, वाटून घेऊन दागिन्यांत घालू नका. तिला एक जागा द्या, जिथं येऊन प्रार्थना करता येईल.

मुंबईत ही जागाच दुर्मीळ. काही वर्षांनी कबर उकरून अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात हलवतात. कोनाडा हातभर असतो, पण त्यावर नाव कोरलेलं असतं. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, घरचे लोक तिथं मेणबत्ती लावतात.