गोष्ट परक्याची, वही कुणाची?



साहित्याच्या व्यासपीठावर किशोरांसाठी केलेल्या दूरचित्रवाणी मालिकेविषयी बोलणे काहींना खटकेल. पण 'निवेदक कोण?' हा प्रश्न आपण कादंबरीला विचारतो, तसाच मालिकेलाही विचारता येतो. तो विचारताना माझ्याच वर्गात मला जो धडा मिळाला, तो आज सांगायचा आहे.

मालिका आहे 'रॉझवेल'. जेसन केटिम्स यांनी घडवलेली ही विज्ञानकथा १९९९ ते २००२ या काळात अमेरिकेत प्रसारित झाली. न्यू मेक्सिको राज्यातील रॉझवेलजवळ १९४७ साली काही अवशेष सापडले. लष्कराने आधी त्यांना उडती तबकडी म्हटले, मग हवामानाचा फुगा. या दंतकथेवर मालिका उभी आहे. वडिलांच्या कॅफेत काम करणाऱ्या लिझ पार्करला गोळी लागते. वर्गमित्र मॅक्स नुसत्या तळहाताच्या स्पर्शाने तिला वाचवतो आणि तो परग्रहावरचा आहे हे तिला कळते. मॅक्स, त्याची बहीण इझाबेल आणि मित्र मायकेल हे तिघेही माणसांत, ओळख लपवून वाढलेले आहेत.

ही कथा सुरू होते लिझच्या रोजनिशीतून. म्हणजे गोष्ट परक्याची, पण वही घरच्या माणसाच्या हातात. निवेदनाच्या दृष्टीने याचा फायदा आहे: अविश्वसनीय घटना ओळखीच्या आवाजात ऐकू येते. किंमतही आहे. मॅक्स आपल्याला आपला वाटतो, कारण लिझला तो आवडतो. त्याचे परकेपण प्रेमापोटी स्वीकारले जाते, हक्क म्हणून नव्हे.

दुसरी गोष्ट नावाची. मेलिंडा मेट्झ यांच्या ज्या कादंबरीमालेवर ही मालिका आधारलेली आहे, तिच्यात नायिकेचे नाव लिझ ऑर्टेचो आहे. पडद्यावर ती पार्कर झाली. न्यू मेक्सिकोची सुमारे निम्मी लोकसंख्या हिस्पॅनिक आहे, आणि अमेरिकी कायद्यात नागरिक नसलेल्या माणसालाही 'एलियन'च म्हणतात. परकेपणाचे रूपक ठेवायचे आणि ज्यांना रोज परके म्हटले जाते त्यांचे नाव मात्र पुसायचे, असा हा व्यवहार. २०१९ साली आलेल्या 'रॉझवेल, न्यू मेक्सिको' या नव्या मालिकेत ऑर्टेचो हे नाव परत आले, आणि नायिकेचे वडील कागदपत्रांविना राहणारे स्थलांतरित दाखवले गेले.

हे सारे मी इंदूरच्या माझ्या वर्गात मोठ्या उत्साहाने सांगत होते. जुन्या मालिकेत रिव्हर डॉग नावाचा एक वृद्ध आदिवासी आहे. गुहेतल्या खुणा तो या मुलांना दाखवतो, त्यांना मदत करतो. माझ्या टिपणात त्याच्यापुढे 'साहाय्यक पात्र' एवढेच लिहिलेले होते. सेंधव्याकडून आलेल्या एका भिल्ल विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, पण हा स्वतःची गोष्ट केव्हा सांगतो?" मला उत्तर देता आले नाही.

आपण माळव्यातले मराठी लोक. होळकरांच्या काळापासून इथे आहोत, तरी मुख्य प्रवाहाने आपली दखल घेतली नाही, ही आपली जुनी तक्रार. ती खोटी नाही. पण आपल्या कथांमध्ये निमाडचा आदिवासी कुठे आहे? बहुतेकदा वाट दाखवायला, ओझे उचलायला. तिथे वही आपल्या हातात आहे.

त्याच मुलीने पुढे वार्षिकांकासाठी आजीवर लेख दिला. मराठीत, पण आजीचे बोलणे भिलीत. मी तिला म्हटले, "संवाद प्रमाण मराठीत करून आण." ती काही बोलली नाही. लेख घेऊन गेली आणि पुन्हा आणलाच नाही. पडद्यावर ऑर्टेचोचे पार्कर झाले यावर मी तासभर बोलले होते. आजीच्या बाबतीत मी तेच केले, हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

मी तिची क्षमा मागितली आहे. लेख मिळेल की नाही, ते तिने ठरवायचे आहे. अकादमीला माझी विनंती एवढीच: असा लेख या वार्षिकाकडे आला, तर त्यातले भिली शब्द तसेच राहू द्यावेत. अर्थ लागला नाही, तर आपण विचारायला जाऊ.