दहा सेकंद



रेडिओवर दहा सेकंद काही ऐकू आलं नाही, की तुमचा हात बटणाकडे जातो. सेल संपले की काय, असं वाटतं. असेच दहा सेकंद आपल्या रंगभूमीवर आहेत. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या नाटकात न्यायाधीश बनलेले काशीकर घड्याळ समोर धरून लीला बेणारेला सांगतात, तुला काय बोलायचं ते एवढ्या वेळात बोल.

१९६७ साली रंगायननं हे नाटक आणलं. अरविंद देशपांडे दिग्दर्शक, बेणारे सुलभा देशपांडे. मुंबईची एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला येते. रात्रीचा खटला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांच्यावर, अण्वस्त्रांबद्दल. तोवर वेळ रिकामा. गावच्या सामंतला कोर्ट कसं असतं ते दाखवू, म्हणून गमतीगमतीत आपल्यातल्याच बेणारेबाईंना आरोपी करतात. आरोप भ्रूणहत्येचा.

ही माणसं कोण? सुखात्मे वकील आहेत, पण अशील फिरकत नाही. पोंक्षे शास्त्रज्ञ म्हणवतो, इंटर नापास. बाळू रोकडे काशीकरांच्या घरी वाढलेला, हाकेला ओ देण्यात जन्म चाललेला. एरवी यांना कोण विचारतं? म्हणून तर त्यांची सत्ता मला जास्त भयंकर वाटते. ती उसनी आहे, काही तासांपुरती आहे, आणि उसनी वस्तू वापरताना माणूस कसर ठेवत नाही. सामंत बिचारा कादंबरीत वाचलेला प्रसंग सांगतो, तो पुरावा ठरतो. काशीकर कान कोरत ऐकतात, आणि राहवेना तेव्हा न्यायाधीश स्वतःच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहतात! ज्याचं मूल बाईंच्या पोटात आहे, तो प्रोफेसर दामले आलेलाच नाही. आरोपी म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही.

मध्येच बेणारे निघते. दार उघडत नाही. ही कडी नीट सरकवली नाही तर बाहेरून लागते, हे सामंतनं सुरुवातीलाच सांगितलेलं असतं. म्हणजे तिला कुणी कोंडलेलं नाही. बाहेर मात्र पडता येत नाही.

निकाल काय, तर तिनं जगायचं, पोटातला गर्भ नष्ट करायचा. भ्रूणहत्येच्या आरोपाला भ्रूणहत्येचीच शिक्षा. त्या काळी, बाईचा जीव वाचवण्यासाठी असेल तेवढा सोडला, तर गर्भपात हा गुन्हाच होता. कायदा बदलला १९७१ मध्ये. खऱ्या कोर्टात काशीकरांनाच वकील शोधावा लागला असता.

त्या दहा सेकंदांत बाकीचे सगळे थिजतात आणि बेणारे बोलते, किती वेळ बोलते. ते आपल्याला ऐकू येतं. कोर्टाच्या लेखी ती गप्पच राहिली. काशीकर सांगतात, वेळ संपली.

मग बाहेरून कुणीतरी दार उघडतं. लोक जमायला लागलेत. मनावर घेऊ नका, खेळच तो, असं सांगून मंडळी तयारीला लागतात. सामंत घरच्या पोरासाठी आणलेला हिरवा कापडी पोपट हळूच तिच्याजवळ ठेवतो. जॉन्सनवरचा खटला अजून व्हायचा असतो.