खोऱ्यापर्यंतचा खर्च

श्रोतेहो, विम्याच्या कचेरीत चौतीस वर्षे लोकांचे दावे तपासण्यात ज्याने घालवली त्या माणसाला आठ मिनिटांत काय ते सांगा म्हणणे म्हणजे गवयाला ताना न घेता गा म्हणण्यासारखे आहे; तेव्हा प्रास्ताविकाला फाटा देऊन मुद्द्यावर येतो. परदेशी बर्फाच्या डोंगरावर स्कीइंग करताना पाय मोडला, तर त्या डोंगरावरून खाली आणण्याचा खर्च आणि खाली आणल्यावर इस्पितळात होणारा खर्च हे दोन निरनिराळे खर्च आहेत, आणि दुसऱ्याची तरतूद केली म्हणजे पहिल्याची आपोआप होते असे मुळीच नाही. हे वाक्य आज माझ्या तोंडून तीन-चार वेळा येणार आहे. ज्यांना त्याचा कंटाळा येईल त्यांनी तो माझ्या वयाच्या खाती मांडावा.

हा भेद आपल्याला चटकन उमगत नाही, याला कारण आपला सह्याद्री. राजमाचीच्या वाटेवर कोणी दरीत घसरला, तर लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांची तरुण मुले, आपापले उद्योग बाजूस ठेवून, रात्री-अपरात्री दोर आणि स्ट्रेचर घेऊन निघतात, त्याला उचलून खाली आणतात आणि बिलाचे नावही काढीत नाहीत. या मुलांचे उपकार आपण कसे फेडतो, किंवा फेडीत नाही, हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. परंतु त्यामुळे आपल्या मनाची अशी धारणा होऊन बसते, की डोंगरावरून माणूस खाली आणणे ही भूतदया आणि पैसे काय ते डॉक्टरचे.

माझा भाचा म्युनिकला शिकतो. रीतसर आरोग्यविमा होता, त्या विम्याचे युरोपभर चालणारे कार्ड खिशात होते, आणि एवढ्या बळावर नाताळच्या सुटीत मित्रांबरोबर तो ऑस्ट्रियात तिरोल प्रांतातल्या त्सिलरच्या खोऱ्यात निर्धास्त मनाने गेला. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी, ऊन कलल्यामुळे बर्फ टणक झालेला असताना, एका वळणावर डाव्या पायाची स्की बुटापासून सुटायला हवी होती ती सुटली नाही, आणि गुडघा मात्र फिरला. मित्रांनी एक शहाणपणा केला : त्याच्या वरच्या अंगाला दोन स्की फुलीसारख्या बर्फात रोवल्या, म्हणजे मागून वेगाने येणारे बाजूने जावेत. मग तांबड्या कपड्यांतली दोन माणसे ‘आकिया’ घेऊन आली. आकिया म्हणजे नावेच्या आकाराची पत्र्याची घसरगाडी. एक इसम पुढचे दांडे धरतो, दुसरा मागचे. त्यांनी त्याला मांडीपासून घोट्यापर्यंत पट्ट्यांनी आवळले, पायाची बोटे बधिर आहेत असे पाहिले आणि हेलिकॉप्टर बोलावले. इस्पितळात कार्ड चालले, शस्त्रक्रिया उत्तम झाली, किरकोळ दैनिक आकारापलीकडे कोणी काही मागितले नाही. भाच्याने आईला कळवले, काळजी नसावी.

सहा आठवड्यांनी खिडकीचे पाकीट आले. बहिणीचा मला फोन : “दादा, अरे त्याला हेलिकॉप्टरचं बिल आलंय!” रक्कम साडेचार हजार युरोंच्या घरात, म्हणजे आपले चार लाखांहून अधिक रुपये.

त्या बिलात लबाडी काडीमात्र नव्हती. डोंगरावरील खेळ आणि पर्यटन यांत अपघात झाल्यास सुटकेचा आणि खोऱ्यापर्यंत आणण्याचा खर्च सामाजिक विमा भरून देणार नाही, असे ऑस्ट्रियाच्या कायद्यात साफ लिहिलेले आहे, आणि ते कलम खुद्द तिथल्या नागरिकालाही लागू आहे. मग परक्या देशाच्या कार्डाची काय कथा? खोऱ्यापर्यंत, हा शब्द ध्यानात ठेवावा. कायद्याने तिथे जणू चुन्याची रेघ ओढली आहे : रेघेच्या खालचे इस्पितळाचे, रेघेच्या वरचे तुमचे. दोन निरनिराळे खर्च, असे मी म्हणतो ते यासाठी. तिथली जाणती माणसे १८६२ साली स्थापन झालेल्या ऑस्ट्रियन आल्पेनफेराइनची, म्हणजे गिर्यारोहक संघाची, वार्षिक वर्गणी भरतात. सभासदाला सुटकेच्या खर्चासाठी २५,००० युरोंपर्यंतचे संरक्षण त्या वर्गणीतच मिळते, आणि परदेशीयालाही सभासद होता येते. भाच्याला डोंगरावरच्या कोणत्या झोपडीत कोणते सूप चांगले मिळते ते ठाऊक होते. हे ठाऊक नव्हते.

आता आपल्याकडून सहलीला जाणाऱ्यांविषयी. शेंगेन व्हिसासाठी निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय प्रवासविमा लागतो, हे सहलकंपनीचे कारकून आपल्याला सांगतात आणि पॉलिसीही काढून देतात. आपण आकडा पाहतो, कागद पारपत्राच्या वेष्टनात सरकवतो आणि निश्चिंत होतो. श्रोतेहो, विमा ही मच्छरदाणी आहे. ती केवढी लांबरुंद आहे याला अर्थ नाही, तिला भोक कोठे आहे ते पाहावे. कारण डास काही मच्छरदाणीचे क्षेत्रफळ मोजून येत नाही, तो भोकातूनच येतो. पॉलिसीच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत ‘अपवाद’ असतात, आणि पुष्कळ पॉलिसींत हिवाळी खेळ हा त्या अपवादांतला एक असतो. जादा हप्ता भरून ते भोक शिवून घेता येते, पण ते अंथरुणावर पडण्यापूर्वी. डास आत शिरल्यावर कडा गादीखाली खोचीत बसणे म्हणजे त्याला आपल्यासह आत कोंडून घेणे होय. आणि जिथे भोक शिवले तिथेही सुटकेचा खर्च वेगळा नमूद आहे की नाही ते वाचावे. उपचार निराळे, उतरवणे निराळे. शिवाय मच्छरदाणीला चार खुंट्या लागतात : उपचार, सुटका, मायदेशी परत आणणे आणि चौथी, आपण घसरत जाऊन दुसऱ्याला पाडले तर त्याची भरपाई. तीन खुंट्यांवर टांगलेली मच्छरदाणी नाकावर येते. ही उपमा मी फार ताणली आहे याची मला जाणीव आहे.

पडल्यावर काय करावे? आधी सुटका. ऑस्ट्रियाच्या डोंगरात १४०, स्वित्झर्लंडात हवाई सुटकेसाठी १४१४, आणि काहीच आठवले नाही तर ११२ फिरवावा. बिलाच्या भीतीने मोडक्या गुडघ्यावर उभे राहू नये. इस्पितळात पोहोचल्यावर मात्र, शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्याआधी, पॉलिसीवर छापलेल्या मदतक्रमांकावर स्वतः किंवा सोबत्याने कळवावे आणि कोणाशी बोललो त्याचे नाव व वेळ टिपून ठेवावी. सुटका करणाऱ्यांचा अहवाल, त्यात स्कीच्या घसरणीचे, म्हणजे त्या उताराचे, नाव, तारीख, वेळ आणि कारण, डॉक्टरांचा दाखला, प्रत्येक पावती : हे दस्तऐवज तिथून निघण्यापूर्वी मागून घ्यावेत. मुंबईत परतल्यावर ते मिळवणे किती दुरापास्त असते ते मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेले आहे. चांगल्या सचोटीच्या माणसांचे दावे मी केवळ एका कागदावाचून अडलेले पाहिले, आणि त्यांतले काही माझ्याच शेऱ्याने अडले.

स्वित्झर्लंडची रीत जराशी वेगळी. तिथली रेगा ही हवाई सुटकेची संस्था १९५२ साली निघाली आणि आज मुख्यतः आश्रयदात्यांच्या वर्गणीवर उभी आहे. आश्रयदात्याला वाचवण्याचा खर्च कोणत्याच विम्यातून निघत नसेल तर रेगा तो माफ करू शकते. परंतु ही कृतज्ञता आहे, विमा नव्हे, आणि तसा हक्क कोणी सांगू नये. फ्रान्समध्ये १९८५च्या पर्वतविषयक कायद्याने स्कीच्या घसरणीवरून उतरवल्याचा खर्च वसूल करण्याची मुभा गावांना दिली. तिथे स्कीच्या तिकिटाबरोबरच, खिडकीवर, दिवसाचा विमा विकत मिळतो, तो घ्यावा. इटलीत २०२२पासून चौथ्या खुंटीची, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याची, सक्तीच झाली आहे, आणि त्यावर मला पुष्कळ बोलायचे होते, कारण खरी मोठी रक्कम कधी कधी तिथेच… पण काचेपलीकडून मला बोटे दाखवली जात आहेत, आणि ती दोनच आहेत.

भाच्याचे तेवढे सांगतो. त्याने लेखी अर्ज करून मुदत मागितली, त्यांनी तीन हप्ते करून दिले, शेवटचा गेल्या महिन्यात भरला. गुडघा बरा आहे. यंदाच्या हिवाळ्यात पुन्हा जाणार म्हणतो. मी त्याला एका ओळीचे पत्र पाठवले आहे : वर्गणी भरलीस का? त्याचे उत्तर अजून आलेले नाही.