आता गाडी पकडायची नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मीरा रोडच्या माणसाला धावायला शिकवावं लागत नाही. सकाळी आमच्या स्टेशनच्या पुलावर उभे राहा. पोट सुटलेले, केस पिकलेले, हातात डब्याची पिशवी धरलेले सगळे धावताना दिसतील. पंचवीस वर्षं मीही तसाच धावलो. पुलावरून फलाटापर्यंतची ही धावपळ हाच आपला व्यायाम, असं मी कौतुकाने सांगत असे. बाकीचा दिवस ऑफिसच्या खुर्चीत आणि रात्र लिहिण्याच्या टेबलाशी जायची. कवीला व्यायाम कशाला, असाही एक सोयीचा समज होता.

पन्नासाव्या वर्षी एका सकाळी गाडी पकडली. दहिसर गेलं, बोरिवली गेलं, कांदिवली आलं, तरी धाप थांबेना. समोरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, "चाचा, बसा." मी बसलो, आणि मला माझे अब्बा आठवले.

अब्बा महाडजवळच्या एका गावचे. सारी नोकरी जहाजावर झाली. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली जागा सोडून जी अनेक कुटुंबं मीरा रोडला आली, त्यांत आमचंही होतं. इमारत चार मजली, बिनलिफ्टची. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. पायऱ्या चोपन्न. निवृत्तीनंतर अब्बा आधी दिवसातून दोनदा खाली जायचे. मग एकदा. मग फक्त जुम्याच्या नमाजला. मग ईदला. शेवटची चार वर्षं ते उतरलेच नाहीत. त्यांना मोठा आजार नव्हता, फक्त पायांतली ताकद गेली होती. ज्यांनी कुठकुठली बंदरं पाहिली, ते बाल्कनीतल्या खुर्चीतून खालचा भाजीवाला पाहत बसायचे.

त्या दिवशी गाडीत मी ठरवलं, आपण या पायऱ्या चढत राहायच्या.

आणि लगेच चूक केली. महागडे बूट आणले आणि कॉलेजात धावत होतो त्या वेगाने धावू लागलो. तिसऱ्या आठवड्यात पोटरीत अशी कळ आली, की रिक्षा करून घरी यावं लागलं. सहा आठवडे लंगडत होतो. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही कुणाशी शर्यत लावली होती?" उत्तर मला माहीत होतं, पण दिलं नाही. मी वीस वर्षांच्या स्वतःशी शर्यत लावली होती.

वय वाढतं तसं शरीरात काय होतं, हे नंतर समजून घेतलं. हृदयाचे ठोके जास्तीत जास्त जितके वाढू शकतात, तो आकडा ढोबळमानाने दरवर्षी एकाने उतरतो. शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्के घटते. स्नायूही झिजतात. मात्र सराव ठेवणाऱ्यांमध्ये ही घसरण सावकाश होते. आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. दम काही आठवड्यांत वाढतो, पण स्नायूंना हाडाशी बांधणारे कंडरे घट्ट व्हायला महिने लागतात. छाती म्हणते, "चल पुढे", तेव्हा पोटरी अजून तयार नसते. उतारवयातल्या बऱ्याच दुखापतींचं मूळ या घाईत असतं.

मग एवढा खटाटोप करायचा कशाला? अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९८४ पासून पन्नाशी ओलांडलेल्या धावपटूंचा आणि त्याच वयाच्या न धावणाऱ्यांचा एकवीस वर्षं मागोवा घेतला. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. एकोणीस वर्षांनंतर न धावणाऱ्यांपैकी ३४ टक्के, तर धावणाऱ्यांपैकी १५ टक्के लोक मरण पावले होते. मुळात निरोगी माणसंच धावतात, असं यावर कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्यही आहे. पण मला महत्त्वाची वाटली ती दुसरी बाब. उठणं, चालणं, कपडे घालणं यांत येणारं परावलंबित्व धावणाऱ्यांकडे कितीतरी वर्षं उशिरा आलं. माझ्या अब्बांचं दुखणं नेमकं हेच होतं.

आता मी काय करतो ते सांगतो. मीरा रोडचे फुटपाथ धावण्यासाठी नाहीतच, त्यावर दुकानं आणि दुचाकी असतात. म्हणून पहाटेच्या नमाजनंतर, रस्ते जागे होण्याआधी निघतो. सुरुवातीला एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, एवढंच वीस मिनिटं केलं. आठवड्यातून तीनच दिवस. धावण्याच्या दोन दिवसांमध्ये एक दिवस मोकळा, कारण या वयात शरीराची डागडुजी विश्रांतीतच होते. वेग मोजायला घड्याळ लागत नाही. धावताना बोलता आलं पाहिजे. मी मनाशी एखादी कविता म्हणतो. ओळीच्या मध्येच श्वास तुटला, की समजायचं, वेग जास्त झाला.

धावणं मात्र पुरेसं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम सांगते, आणि त्याशिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. पासष्टीपुढच्यांना तोल सांभाळण्याचे व्यायामही सांगते. त्याला जिम लागत नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठायचं. जिन्याच्या पायरीवर कठडा धरून टाचा वर-खाली करायच्या. दात घासताना बेसिनशेजारी एका पायावर उभं राहायचं. माझी पत्नी धावत नाही. ती शेजारणींबरोबर बुरख्याखाली स्पोर्ट्‌स शूज घालून तासभर झपाझप चालते आणि खुर्चीच्या व्यायामात मला हरवते.

रविवारी कधी भाईंदरला जेसल पार्कच्या खाडीकाठी जातो, कधी उत्तनला. उत्तनला बांबूंवर बोंबील वाळत असतात आणि डोक्यावर टोपल्या घेतलेल्या साठीतल्या कोळणी माझ्यापेक्षा ताठ चालतात. आपल्या हवेत दमटपणा फार, घाम निघतो पण वाळत नाही. म्हणून ऊन चढण्याआधी परतायचं आणि पाणी प्यायचं. रमजानमध्ये मी फक्त इफ्तारनंतर दोनेक तासांनी हलकं चालतो. मधुमेह असलेल्यांनी रोजा आणि व्यायाम दोन्हींबद्दल आधी डॉक्टरांना विचारावं. छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप लागली, तर त्या क्षणी थांबावं. तिथे हिंमत दाखवण्यात काही अर्थ नसतो.

उतारवयातल्या धावण्याची गोष्ट निघाली की बारामतीच्या लता करे यांचं नाव येतंच. साठी ओलांडलेल्या या शेतमजूर बाईंनी २०१४ साली तिथल्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांची तीन किलोमीटरची शर्यत नऊवारी नेसून अनवाणी जिंकली. नवऱ्याच्या तपासणीसाठी पैसे हवे होते आणि बक्षीस पाच हजारांचं होतं. पुढच्या दोन वर्षीही त्या जिंकल्या. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं आणि त्याची दखल राष्ट्रीय पुरस्कारांत घेतली गेली. आपण टाळ्या वाजवतो, वाजवाव्यातच. पण मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, नवऱ्याच्या तपासणीसाठी कुणा म्हातारीला धावावं लागू नये. दुसरी, ती शर्यत त्यांनी एका दिवसात जिंकली नव्हती. शेतातल्या रोजच्या कष्टांनी ते पाय आधीच घडवले होते. आपण खुर्चीत बसणाऱ्यांनी त्यांच्यासारखं एका सकाळी अनवाणी सुटायचं नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते रोजचेपण.

आज मी सत्तावन्न वर्षांचा आहे. पाच किलोमीटरला मला चाळीस मिनिटं लागतात. जेसल पार्कला कॉलेजची मुलं बाजूने वाऱ्यासारखी निघून जातात. आधी वाईट वाटायचं, आता वाटत नाही. मुंबई मॅरेथॉनमध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळी दौड असते. ती धावायची इच्छा आहे, आणि त्यासाठी तीन वर्षं हातात आहेत. एखादी गाडी सुटली तर सुटू देतो, मागून दुसरी येतेच.

धावून आलो की मात्र जिन्याखाली क्षणभर थांबतो. कठड्याला हात न लावता चोपन्न पायऱ्या चढतो. आमच्या इमारतीत अजून लिफ्ट नाही. अब्बांची खुर्ची बाल्कनीत तशीच आहे. तिच्यावर बसून बूट काढतो आणि पुन्हा उठतो, हाताचा आधार न घेता.