चंचल आणि धरसोड

'चंचल' हा शब्द संस्कृतांतून मराठींत आला, तो आपला मान बरोबर घेऊनच. अमरकोशांत विजेच्या नांवांत चंचला आहे आणि चपलाही आहे. लक्ष्मीला चंचला म्हटलें म्हणून तिची पूजा कोणी थांबविली नाहीं. गीतेच्या सहाव्या अध्यायांत अर्जुन मनाला चंचल म्हणतो. श्रीकृष्ण तें नाकारीत नाहींत, अभ्यास आणि वैराग्य हा उपाय तेवढा सांगतात. हलणें हाच ज्याचा स्वभाव, त्याला हलल्याबद्दल बोल लागत नाहीं.

'धरसोड' हा शब्द मात्र घरचा आणि कडक. धरणें व सोडणें यांचा तो जोड. अगोदर कांहीं तरी धरल्यावांचून तो कोणालाही लावतां येत नाहीं. पाटी टाकून फुलपांखरामागें धांवणारें पोर चंचल. तेंच पंचविसाव्या वर्षीं हातचें दुकान मोडून तिसऱ्या धंद्यांत शिरलें, तर ती धरसोड.

बांदा गांव तेरेखोल नदीच्या कांठीं आहे. ही नदी खालीं समुद्राला मिळते, तेथें तिच्या खाडीचें पाणी दिवसांतून दोनदां वर चढतें व दोनदां उतरतें. भरतीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं पुढें सरकते. पण तेंही ठरलेलें. होडीवाला या पाण्याला चंचल म्हणणार नाहीं. चंचल म्हणावा तो वारा.

हा प्रांत पूर्वीं सावंतांच्या वाडी संस्थानांत होता. १६५९ च्या सुमारास लखम सावंतानें शिवाजीमहाराजांशीं तह केला, थोड्याच काळांत विजापूरचा पक्ष धरला, आणि पराभवानंतर पुन्हा महाराजांपुढें नमला. त्याला चंचल म्हणणें फार सौम्य होईल. त्यानें वचन दिलें होतें व तें मोडलें. तेव्हां 'धरसोड' हाच शब्द योग्य. मात्र एका बाजूस विजापूर, दुसऱ्या बाजूस महाराज आणि दक्षिणेस गोव्यांत पोर्तुगीज, अशा कोंडींत सांपडलेल्या लहान सत्ताधाऱ्याला हा शब्द लावतांना हात थोडा आंखडावा लागतो. मोठ्या राज्यांनीं पक्ष बदलला कीं तिला मुत्सद्देगिरी म्हणण्याची चाल आहे!

पुढें १७४६ सालीं पोर्तुगीजांनीं नदीच्या मुखावरील तेरेखोलचा किल्ला सावंतांकडून जिंकून घेतला. ही मात्र धरसोड नव्हे. किल्ला त्यांनीं सोडला नाहीं, तो त्यांच्या हातून सुटला. आणि सुटणें हें मराठींत अगदीं निराळें क्रियापद आहे.