हवा मोजावी कशी?



धान्य मापानें मोजावें, कापड मीटरनें मोजावें, जमीन गुंठ्यानें मोजावी, हें घराघरांत ठाऊक असतें. परंतु जी वस्तु आपण दिवसाकाठीं दहा-बारा हजार लिटर इतकी घेतों आणि जिच्यावांचून पांच मिनिटेंहि निभाव लागत नाहीं, ती हवा पारखण्याची वेळ आली कीं आपण सारी भिस्त नाकावर ठेवतों. घाण आली तर हवा वाईट, न आली तर चांगली, एवढाच आपला निवाडा. तो किती फसवा आहे हें मला फार उशिरां कळलें. कसें कळलें, तें सांगतां सांगतांच आजचा विषय आपणांपुढें मांडतों.

मी पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों. आरोग्याचा धडा आला कीं मुलांना एक वाक्य हटकून सांगत असें : 'पहाटेची हवा सर्वांत शुद्ध.' तें मला माझ्या गुरुजींनीं सांगितलें होतें. त्यांना त्यांच्या गुरुजींनीं सांगितलें असावें. सेवानिवृत्त झाल्यावर मीं तें स्वतःच्या घरांत अंमलांत आणलें. पुण्यांत आमच्या घराजवळून एक मोठा वाहता रस्ता जातो. मार्गशीर्ष-पौषांतल्या थंडींत रोज सकाळीं सहा वाजतां सौभाग्यवतींना घेऊन मी त्या रस्त्याच्या कडेनें फिरूं लागलों. त्यांची प्रवृत्ति पूर्वींपासून थोडी दम्याची. फिरून आलें कीं खोकल्याची उबळ येई, जिना चढतांना मध्येंच थांबावें लागे. मी म्हणें, "थंडी बाधते आहे, कान नीट गुंडाळून घे." असे दोन हिवाळे गेले. तिसऱ्या हिवाळ्यांत एका रात्रीं त्यांना दवाखान्यांत न्यावें लागलें. डॉक्टरांनीं औषधयोजना केली आणि एक साधा प्रश्न विचारला : "फिरायला किती वाजतां जातां, आणि कोणत्या रस्त्यानें?" मीं उत्तर दिलें खरें, पण त्या प्रश्नानें माझें वाक्य आयुष्यांत प्रथमच संशयांत पडलें. तें खरें कीं खोटें हें ठरविण्याचा मार्ग एकच होता : हवा मोजणें.

या विद्येचा आरंभ डोळ्यांपासून झाला. इ. स. १८८८ मध्यें फ्रान्समधील मॅक्सिमिलियन रिंगेलमान या अध्यापकानें धूर मोजण्यासाठीं एक सोपी युक्ति काढली. पांढऱ्या कार्डांवर काळ्या रेषांची जाळी कमीअधिक दाट काढून त्यानें त्यांना शून्यापासून पांचपर्यंत क्रमांक दिले. कार्ड दूर ठेवलें कीं रेषा एकमेकींत मिसळून करडा रंग दिसतो. धुराड्यांतून निघणारा धूर ज्या कार्डाशीं जुळेल, तो त्या धुराचा क्रमांक. युक्ति मोठी उपयोगी. पण डोळ्याला दिसतो तेवढाच धूर तींत सांपडतो. न दिसणारे वायु व अतिसूक्ष्म कण निसटून जातात.

आणि खरा घात तेच करतात. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पांच दिवसांत लंडन शहरावर वारा पडला, थंड हवा जमिनीलगत कोंडली गेली आणि कोळशाचा धूर तींत सांचत राहिला. त्यांत सुमारें ४,००० माणसें दगावलीं, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्या संशोधकांनीं हा आकडा १२,००० पर्यंत नेला आहे. त्या शहरांत धूर आणि सल्फर डायऑक्साइड वायु यांचीं रोजचीं मापें घेतलीं जात होतीं. तीं मृत्यूंच्या नोंदींशेजारीं मांडलीं तेव्हां दोन्ही रेषा बरोबरच चढलेल्या दिसल्या. नुसत्या हळहळीनें कायदा होत नाहीं. अशा मोजलेल्या पुराव्याचें पाठबळ लागतें. इंग्लंडांत १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला, त्यामागें हें पाठबळ होतें.

आतां प्रत्यक्ष रीति पाहूं. पहिली रीत तराजूची. पंपाच्या साहाय्यानें हवा गाळणकागदांतून ओढावयाची. कागदाचें वजन आधीं करावयाचें, नंतर करावयाचें. वाढलेलें वजन म्हणजे धूळ. चौथीच्या मुलालाहि जमेल असा हिशेब पाहा. पंप मिनिटाला १.१ घनमीटर हवा ओढतो असें धरा. चोवीस तासांत १,५८४ घनमीटर हवा झाली. कागदाचें वजन १५८.४ मिलिग्रामनें वाढलें, तर भागाकार करून दर घनमीटरला १०० मायक्रोग्राम धूळ निघाली. दहा मायक्रोमीटर वा त्याहून बारीक कणांना पीएम १० म्हणतात. त्यांच्यासाठीं आपल्या देशानें २००९ सालीं ठरविलेली चोवीस तासांची मर्यादा एवढीच आहे. याहून बारीक, अडीच मायक्रोमीटरच्या आंतील कणांना पीएम २.५ म्हणतात, त्यांची मर्यादा ६० मायक्रोग्राम. घनमीटरभर हवेचें वजन सुमारें १.२ किलो असतें. म्हणजे दोन कोटी भाग हवेंत एक भाग धूळ, एवढ्यावरच आपण ती मर्यादेला पोंचली असें म्हणतों! माणसाचा केंस या कणाच्या वीस-पंचवीस पट जाड असतो, आणि हा कण फुप्फुसांच्या अगदीं आंतल्या कप्प्यांपर्यंत जाऊन बसतो.

जाड धूळ वगळून बारीक तेवढीच कशी पकडावी? हवेला एकदम वळण द्यावें. वळणावर धांवत्या गाडींतलें जड सामान जसें एका बाजूला फेंकलें जातें, तसे जड कण भिंतीवर आदळून तेथेंच राहतात आणि हलके कण हवेबरोबर पुढें जातात. काम नाजूक आहे. कागद दमट झाला तर पाणीच धूळ म्हणून मोजलें जाईल. म्हणून दोन्ही वजनांपूर्वीं तो ठराविक उष्णतेच्या व कोरडेपणाच्या खोलींत ठेवावा लागतो.

दुसरी रीत रसायनांची. वायु तराजूंत घालतां येत नाहींत, पण त्यांना रंगानें ओळखतां येतें. हवा विशिष्ट द्रावणांतून बुडबुड्यांनीं जाऊं दिली कीं हवा तो वायु द्रावणांत सोडून जाते. मग दुसरें रसायन घातलें कीं रंग उमटतो. रंग जितका गडद, तितका वायु अधिक. वेस्ट व गेके या रसायनज्ञांनीं १९५६ सालीं प्रसिद्ध केलेली सल्फर डायऑक्साइड मोजण्याची रीत याच जातीची. आपल्या देशांत १९८४ सालीं हवा-मापनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, त्याची इमारत मुख्यतः या दोन रीतींवर उभी राहिली. आठवड्यांतून दोनदां, चोवीस-चोवीस तास नमुने घ्यावयाचे, असें वर्षाचे १०४ दिवस भरावयाचे, हा त्याचा पाठ.

परंतु आठवड्याच्या उरलेल्या पांच दिवसांत काय झालें? चोवीस तासांतल्या नेमक्या कोणत्या तासाला हवा बिघडली? याचें उत्तर या रीतींना देतां येत नाहीं. तें स्वयंचलित यंत्रें देतात. सल्फर डायऑक्साइडवर अतिनील किरण टाकले कीं तो क्षणभर चमकतो. ती चमक मोजतात. नायट्रिक ऑक्साइडची ओझोनशीं गांठ घातली कीं प्रकाश निघतो, तो मोजतात. ओझोन अतिनील किरण गिळतो, कार्बन मोनॉक्साइड अवरक्त किरण गिळतो. किती गिळले तें मोजतात. धुळीसाठीं कागदाची लांब फीत असते. तिच्यावर धूळ बसली कीं आरपार जाणारे बीटा किरण कमी होतात, त्यावरून वजन काढतात. तासातासाला आकडा मिळतो. मात्र वाण्याच्या वजनांप्रमाणें या यंत्रांचीहि वेळोवेळीं तपासणी व्हावी लागते. प्रमाण ठाऊक असलेला वायु देऊन यंत्र तोच आकडा सांगतें कीं नाहीं, हें पाहिल्यावांचून त्याच्यावर विश्वास टाकूं नये.

येथवर हवेंत काय मिसळलें तें मोजलें. पण तेवढाच धूर एके दिवशीं विरून जातो आणि दुसऱ्या दिवशीं छातीवर बसतो, तो कां? त्यासाठीं वातावरणाकडे पाहिलें पाहिजे. पुणेकरांना शिमला ऑफिस ठाऊक आहेच. १९२८ सालीं हवामान खात्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास आली, त्याची ती खूण. देशांत पन्नासांहून अधिक ठिकाणांहून सकाळ-संध्याकाळच्या निरीक्षणासाठीं हें खातें मोठे फुगे आकाशांत सोडतें. फुग्याखालीं लहानसें यंत्र बांधलेलें असतें. तें वर जातां जातां उष्णता, दाब व दमटपणा यांचे आकडे रेडिओनें खालीं कळवितें, आणि फुगा कोणीकडे वाहत गेला यावरून वाऱ्याचा वेग समजतो.

सामान्यतः किलोमीटरभर उंच गेलें कीं हवा सुमारें साडेसहा अंशांनीं थंड होते. परंतु हिवाळ्यांतल्या निरभ्र, शांत रात्रीं जमीन झपाट्यानें निवते आणि तिच्यालगतची हवा वरच्या हवेहून थंड होते. थंड हवा जड. ती वर जाऊं पाहत नाहीं. वरची उबदार हवा पातेल्यावरच्या झांकणासारखी बसते. रात्रभराचा धूर, शेकोट्या, पेटविलेला पालापाचोळा आणि पहाटे सुरू झालेली वाहनांची रहदारी, सारें त्या झांकणाखालीं कोंडतें. डोंगरांनीं वेढलेल्या पुण्यासारख्या खोलगट जागीं तें अधिकच सांचतें. सूर्य वर येऊन जमीन तापली म्हणजे झांकण उचललें जातें. माझें वाक्य चुकलें होतें तें येथें!

हें पुस्तकांत वाचून थांबणें मला पटेना. माझा एक जुना विद्यार्थी प्रयोगशाळेंत काम करतो. त्यानें हाताच्या तळव्याएवढें एक यंत्र आणून दिलें. लेसरच्या प्रकाशांत कण किती चमकतात यावरून तें धूळ सांगतें. पौष महिनाभर मी तासातासाचा आकडा वहींत लिहीत होतों, आणि शेजारच्या रकान्यांत सौभाग्यवती आपला खोकला व दम लिहीत होत्या. सकाळीं सहा ते आठचा आकडा दुपारी तीन-चारच्या दुपटीच्या आसपास दिसे. मी विजयानें वही दाखविली, तर विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, थांबा. पहाटे दंव असतें. दमट हवेंत कण फुगतात आणि हें स्वस्त यंत्र वाढीव आकडा सांगतें. जवळच्या सरकारी केंद्राशीं ताडून पाहा." ताडून पाहिलें. तेथें फरक माझ्या वहींतल्याहून कमी होता, पण दिशा तीच होती. शिष्याकडून धडा घेण्यांत जो आनंद आहे तो त्या दिवशीं मला मिळाला.

शहरांतून फलकांवर आणि दूरध्वनि-संचांवर जो हवेचा निर्देशांक दिसतो, त्याविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. तो शून्य ते ५०० असा असतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अति वाईट आणि त्यापुढें गंभीर. हा आकडा म्हणजे मायक्रोग्राम नव्हेत. आठ घटकांपैकीं ज्याची स्थिति सर्वांत वाईट, त्याचाच अंक निर्देशांक म्हणून जाहीर होतो. शिवाय धुळीपुरता तो चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. वर्गाची सरासरी पन्नास गुण आली म्हणून नापास झालेला मुलगा पास होत नाहीं. तसेंच दिवस 'मध्यम' असला तरी सकाळचे दोन तास वाईट असूं शकतात. मी रोज निर्देशांक पाहत होतों आणि निश्चिंत होतों, तो या सरासरीच्या भरंवशावर. उलट, दुपार सर्वस्वीं निर्दोष असें समजूं नये. कडक उन्हांत ओझोन वाढतो. प्रत्येक दूषकाचें वेळापत्रक निराळें आहे.

आम्हीं फिरण्याची वेळ बदलली. हिवाळ्यांत दुपारी साडेचारला, मोठा रस्ता टाळून टेकडीच्या बाजूला जातों. दमा बरा झाला असें मी म्हणणार नाहीं. औषधहि बदललें होतें, आणि एका माणसावरून सिद्धान्त बांधूं नये. पण त्या हिवाळ्यांत पुन्हा दवाखान्यांत रात्र काढावी लागली नाहीं.

आम्हांला वेळ बदलतां आली. आमचा रस्ता झाडणाऱ्या बाईंना ती बदलतां येत नाहीं. त्या पहाटे पांचलाच येतात आणि सर्वांत वाईट हवा त्यांच्या वांट्याला येते. म्हणून मोजणें हें स्वतःपुरता मार्ग शोधण्यासाठीं नाहीं. आमच्या वसाहतींत पालापाचोळा पेटविणें बंद झालें तें वहींतले आकडे सभेपुढें ठेवल्यावर. आधीं चार वेळां केलेल्या विनंत्या फुकट गेल्या होत्या. आपल्या भागांत मापन-केंद्र कोठें आहे, तें चालू आहे कीं बंद, त्याचे तासातासाचे आकडे काय सांगतात, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें विचारावें.

शेवटीं एक विनंति माझ्या जुन्या विद्यार्थ्यांना. तुमच्या वह्यांत माझें तें वाक्य कोठें उरलें असेल तर कृपा करून खोडून टाका आणि खालीं लिहा : 'हवा शुद्ध कीं अशुद्ध, तें मोजून ठरवावें.' चूक माझी होती. दुरुस्तीहि मीच सांगावी, हें योग्य.