विजेचा वैल आणि इटलीच्या चकोल्या

पदार्थ इटलीचा, यंत्र अमेरिकेतले आणि स्वयंपाकघर सांगलीतले! हे जमायचे कसे, असे कुणीही विचारील. पण श्रोतेहो, सातारा-सांगलीकडचा स्वयंपाक ज्यांनी पाहिला आहे, त्यांना चिकन लझान्यात नवे असे फार थोडे आहे.

आधी यंत्र पाहू. मातीच्या चुलीला लागून एक वैल असे. चुलीचा जाळ भाकरीसाठी, आणि बाजूने येणारी धग वैलासाठी. त्यावर दूध किंवा आमटी सावकाश मुरत बसे. स्लो कुकर म्हणजे विजेवर चालणारा वैलच. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सन यांना १९४० साली असल्या भांड्याचे पेटंट मिळाले. त्यामागे आईकडून ऐकलेली लिथुएनियातील हकीकत होती. शनिवारी ज्यू लोक विस्तव पेटवीत नाहीत. म्हणून शुक्रवारीच कडधान्य-मांसाचे भांडे बेकरीच्या निवत जाणाऱ्या भट्टीत ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी जेवायचे. म्हणजे तिथेही वैलच की!

आता लझान्या. गव्हाच्या पातळ पट्ट्या, मध्ये सारण, असे थरावर थर. इथे आपल्या चकोल्या आठवा. लाटून कापलेली कच्ची कणीक उकळत्या आमटीत पडते, आमटी पिऊन शिजते आणि तिला दाटपणाही आणते. न्याय तोच. म्हणून वाळलेल्या पट्ट्या आधी उकडायच्या नाहीत. मात्र रस्सा थोडा सैल ठेवायचा. या पट्ट्या ज्या कठीण गव्हाच्या करतात, त्याच जातीचा आपला बन्सी गहू.

चार-पाच माणसांसाठी अर्धा किलो बिनहाडाचे चिकन आले-लसूण घालून पुरते शिजवावे व हातांनी कुसकरावे. ५० ग्रॅम लोण्यावर तेवढाच मैदा मंद भाजावा, तांबूस होऊ देऊ नये. त्यात पाऊण लिटर दूध थोडे थोडे ओतीत ढवळावे. मीठ, मिरपूड व किंचित जायफळ घालावे. नुसते दूध फार वेळ तापत राहिले तर फुटते; मैद्याने ते सांभाळले जाते. भांड्याला आतून लोणी लावून तळाशी रस्सा, मग मोडून बसवलेल्या पट्ट्या, चिकन, रस्सा, किसलेले चीज, असे तीन थर द्यावेत. पट्टीचा कोपराही कोरडा राहता कामा नये, नाहीतर तो कडकच राहील. मंद आचेवर तीन ते चार तास. झाकण सारखे उघडू नये. दर वेळी धग निसटते. शेवटच्या अर्ध्या तासात दोन चमचे ताजी साय वरून घालावी. बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटे तसेच राहू द्यावे, म्हणजे वड्या नीट निघतात.

एक गोष्ट मात्र नीट ध्यानात घ्या. चूल विझली तरी निखारे धग धरून असत. वीज गेली की या वैलाची धग हळूहळू उतरू लागते, आणि कोमट चिकन-दूध म्हणजे रोगजंतूंना आमंत्रणच. आपण घरी असाल तर वीज जाताच अर्धे शिजलेले अन्न गॅसवर घेऊन पुरते शिजवून टाकावे. आपण बाहेर असताना वीज किती वेळ गेली होती हे कळत नसेल, तर ते अन्न, दिसायला कितीही चांगले असले तरी, टाकून द्यावे. जीव हळहळेल, पण घरातल्या लेकराच्या पोटापेक्षा अर्धा किलो चिकन मोलाचे नाही. म्हणून हा बेत घरी असण्याच्या दिवशी, रविवारी करावा. नऊ वाजता थर रचले की एक वाजता पान वाढता येते. आणि मधल्या वेळात, एरवी ओट्यापाशी उभी असणारी माउलीही सर्वांबरोबर गप्पांना बसते. वैलाची खरी कमाई ती.